तबला सोलोच्या तयारीच्या नोंदी: डोळ्यांपुढे आवर्तन धरताना

५ मे २०२४, रविवार

२१ जुलैला गुरुपौर्णिमा. क्लासच्या कार्यक्रमात मला वीसेक मिनिटं तीनतालात (सोळा मात्रांचा ताल) स्वतंत्र तबला वाजवायचा आहे. पेशकार (संथ सुरुवात), दिल्ली घराण्याचा एक कायदा (बांधीव रचना, तिचेच बोल फिरवून पलटे करतात), रेला (जलद बोलांची रचना), थोडे तुकडे आणि शेवटी चक्रदार (तीनदा वाजवायचा मोठा तुकडा). बोल पाठ आहेत, हातही बरा चालतो. अडचण वेगळीच आहे. वाजवता वाजवता मन कुठेतरी निघून जातं आणि परतल्यावर आपण आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) नेमके कुठे आहोत ते कळत नाही. हात चालूच असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच पत्ता लागत नाही. तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येणं) आली की मात्र बिंग फुटतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लक्ष दे, लक्ष दे म्हणून लक्ष लागत नाही. त्याला बघायला काहीतरी द्या." म्हणजे काय बघायचं, ते काही सांगितलं नाही. ते माझं मलाच शोधायचं आहे, म्हणून या नोंदी. कुणी हेच करून बघणार असेल तर निदान मी जिथे अडकले तिथे अडकू नये.

साधनं: तबला-डग्गा, मोबाईलवर चंद्रकंस रागातला लेहरा (आवर्तन दाखवत फिरणारी धून), दुसऱ्या जुन्या मोबाईलवर रेकॉर्डिंग आणि एक वही. खर्च अजून शून्य.

आज ८० च्या लयीत (मिनिटाला ८० मात्रा) वाजवून रेकॉर्डिंग ऐकलं आणि जिथे मन सुटलं तिथे वहीत खूण केली. खुणा वाटेल तिथे पडलेल्या नाहीत. बहुतेक दोनच ठिकाणी आहेत. एक, पलट्याच्या खालीच्या (डग्ग्याशिवायच्या) भागात, जिथे बोल पुन्हा भरीवर (डग्ग्यासकट) येतात तिथे. दुसरं, एखादा पलटा छान निघाला की त्याच्या लगेच पुढे. "जमलं बुवा" म्हणेपर्यंत पुढचा पलटा अर्धा झालेला असतो.

११ मे

सगळीकडे सांगतात तोच प्रकार आधी केला. डोळे मिटायचे, भरलेलं सभागृह बघायचं, आपण शांतपणे वाजवतोय, लोक दाद देताहेत. आठवडाभर रोज रियाजाच्या आधी हे केलं आणि वाजवतानाही ते चित्र धरून ठेवलं.

उपयोग झाला नाही, उलट खुणा वाढल्या. मन आधी ऑफिसात जायचं, आता सभागृहात जाऊ लागलं, इतकाच फरक. रियाजाआधी दोन मिनिटं असलं चित्र बघून बरं वाटतं हे खरं, पण वाजताना ते कामाचं नाही. बंद केलं. आठवडा गेला.

१४ मे

आता थेट तालच बघायचा. परीक्षेला लिहितो तसा कायदा लिपीबद्ध करून, मोठ्या अक्षरात, समोरच्या भिंतीवर लावला:

धाधा तिट धाधा तींना | ताता तिट धाधा धींना

दुगुनीत (एका मात्रेत दोन अक्षरं) हा आठ मात्रांचा होतो, म्हणजे एका आवर्तनात दोनदा. कागद नीट बघून डोळे मिटायचे आणि मनात तो कागद वाचत वाजवायचं.

हेही फसलं, पण का फसलं ते या वेळी कळलं. ८० च्या लयीत एक मात्रा पाऊण सेकंदाची. तेवढ्यात दोन अक्षरं डोळ्यांपुढे आणून वाचायची, तर वाचन हातापेक्षा मागे पडतं. मग हात वाचनासाठी थांबतो आणि लय ओढल्यासारखी होते. एरवी पढंत करून (तोंडाने म्हणून) बोल तोंडात इतके बसलेले आहेत की ते वाचायची गरजच नाही. बोल कानाने आणि जिभेने येऊ देत. डोळ्यांना फक्त आपण कुठे आहोत ते दिसलं पाहिजे.

म्हणून कागदावरची अक्षरं काढून टाकली आणि चारच खुणा ठेवल्या: १, ५, +, १३. ही ताल लिहिण्याच्या पलुस्कर पद्धतीची चिन्हं. भातखंडे पद्धतीत सम × ने, काल (टाळी नसलेली नववी मात्रा, वरची + खूण) शून्याने आणि टाळ्या २, ३ अशा अनुक्रमाने दाखवतात. मी लहानपणी ती शिकले होते आणि तीच सोपी वाटायची. या कामाला मात्र पलुस्कर पद्धत जास्त सोयीची आहे, कारण टाळीच्या जागी थेट मात्रेचा आकडा असतो. तिहाईचा हिशोब करताना "तिसरी टाळी म्हणजे कितवी मात्रा" हा मधला टप्पा वाचतो.

१८ मे

चार खुणा मनात तरंगत राहतात, स्थिर होत नाहीत. म्हणून त्या खोलीत बसवल्या. सम समोर दारात. पाच उजवीकडे खिडकीत. नऊ, म्हणजे काल, माझ्या पाठीमागच्या भिंतीवर. तेरा डावीकडे कपाटावर. लेहरा लावायचा, नुसता ठेका (तालाचे मूळ बोल) धरायचा आणि जी टाळी पुढे येणार आहे तिची जागा मनाने आधीच गाठायची. आत्ता आहोत ती जागा बघायची नाही, पुढची बघायची. सगळा फरक इथे पडला. आत्ताची जागा बघत बसलं की मन तिथेच रेंगाळतं. पुढची जागा बघितली की त्याला दर तीन सेकंदांनी नवं काम मिळतं.

काल (नववी मात्रा) पाठीमागे ठेवला तो नाइलाजाने, कारण तीन बाजू संपल्या होत्या. पण तोच सगळ्यात पक्का बसला. न दिसणाऱ्या जागेकडे मन पाठवायला जास्त जोर लागतो म्हणून असेल.

त्रास एकच. लक्षात न येता मान हलायला लागली, उजवीकडे, डावीकडे. दोन दिवसांत मान-खांदा धरला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "अहो, देवळात प्रदक्षिणा घालताय का? नजर शाईवर ठेवा." आता नजर शाईवर (तबल्यावरच्या काळ्या गोलावर) आणि खोली मनात. नव्याने करणाऱ्यांनी सुरुवातच अशी करावी.

२० मे

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आले आणि दुपारभर कायद्यावर बसले.

नुसत्या ठेक्यात चार जागा छान चालत होत्या. कायदा सुरू केला की सगळा गोंधळ. वही घेऊन मात्रा मांडल्या तेव्हा कारण सापडलं. आज सगळ्यात जास्त वेळ यात गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

ठेका बघा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

कालाची मात्रा नववी, पण नवव्या मात्रेवर 'धा' आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. डग्गा गप्प होतो तो दहापासून तेरापर्यंत. मी मनात "काल म्हणजे डग्गा बंद" असं चित्र धरलं होतं. म्हणजे ठेक्यातच ते चित्र एका मात्रेने सरकलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

कायद्याचं मुख (भिंतीवर लावलेली मूळ ओळ) दुगुनीत वाजवलं की त्याचा 'ताता' पाचव्या मात्रेवर येतो आणि पुन्हा तेराव्यावर. दोन्ही टाळीच्या जागा! आणि जिथे तालाचा काल आहे त्या नवव्या मात्रेवर मुखाचा भरदार 'धाधा' येतो. म्हणजे कायद्याची खाली आणि तालाचा काल एकमेकांच्या अगदी उलट.

पलट्यात मात्र तसं नाही:

धाधा तिट धाधा तिट | धाधा तिट धाधा तींना | ताता तिट ताता तिट | धाधा तिट धाधा धींना

इथे खाली बरोबर नवव्यावर सुरू होते आणि तेराव्यावर बोल पुन्हा भरीवर येतात. माझ्या बहुतेक खुणा याच तेराव्या मात्रेवर होत्या. मुख वाजवून वाजवून "तेरा म्हणजे ताता" असं डोक्यात बसलं होतं आणि पलट्यात तिथे 'धाधा' हवा होता.

यावर उपाय म्हणजे डग्ग्याचं उघडणं-मिटणं चित्रातून पूर्ण काढून टाकलं. चित्र फक्त तालाचं. दार, खिडकी, पाठ, कपाट. कुठलीही रचना आली तरी या जागा हलत नाहीत. रचनेची खाली-भरी हात आणि कान सांभाळतील. हे वेगळं केल्यावर संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये तेराव्या मात्रेची एकच खूण होती.

२३ मे

तिहाई. सोपीच घेतली: 'तिट कत गदि गन धा', पाच मात्रा. मध्ये एक मात्रा दम. समेपासून उचलली तर पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, म्हणजे शेवटचा धा पुढच्या समेवर.

आधी मी हे मनात मोजत असे. आता बघते: दारातून उचल, पहिला धा खिडकीत (पाच), तिसरा पल्ला कपाटापासून (तेरा) सुरू आणि शेवटचा धा पुन्हा दारात. मधला धा अकराव्या मात्रेवर येतो, त्याला खोलीत जागा नाही. तो पाठीच्या भिंतीजवळून जाऊ द्यायचा. त्याचीही जागा पक्की करायला गेले आणि तिहाई बिघडली. दोन टोकं दिसली की मधलं आपोआप पडतं.

सगळ्याच तिहाया इतक्या सोयीच्या नसतात. अर्ध्या मात्रेवरून उठणाऱ्या तिहाईला हा नकाशा काही कामाचा नाही. ती तोंडाने म्हणूनच बसवावी लागते.

१ जून

हात न लावता वाजवायचा सराव सुरू केला. याला आधार आहे. १९९५ मध्ये पास्क्युअल-लिओने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पियानोवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: पाच दिवस, रोज दोन तास, एका गटाने पाच बोटांचा धडा खरोखर वाजवला, दुसऱ्याने फक्त मनात. मेंदूतल्या बोटांच्या भागात बदल दोन्ही गटांत दिसले. पण प्रत्यक्ष वाजवण्यात मनातला गट मागेच होता आणि दोन तास खरा सराव केल्यावर तो जवळजवळ बरोबरीला आला. हे वाक्य लोक सांगताना विसरतात. म्हणून मी हातांचा रियाज कमी केलेला नाही.

कसं करू नये: रात्री अंथरुणावर पडून. पेशकार संपायच्या आत झोप लागते. तबल्यासमोर मांडी घालून, तळवे पुड्यांवर (कातड्यांवर) ठेवून, लेहरा चालू ठेवून करायचं.

लेहरा का चालू हवा, त्याची एक परीक्षा आहे. लेहरा बंद करून मनात एक आवर्तन वाजवा आणि घड्याळ लावा. ८० च्या लयीत आवर्तनाला बारा सेकंद लागले पाहिजेत. माझं दहाच्या आसपास संपत होतं. म्हणजे मन कुठेतरी बोल गाळत होतं. कुठे ते शोधायला एकेक बोट बघत गेले. धा स्पष्ट दिसतो, तींना दिसतो, 'तिट' धूसर. कुठल्या बोटाने ति आणि कुठल्या बोटाने ट, ते चित्रात दिसतच नव्हतं. मोबाईल हातावर रोखून रेकॉर्ड केलं. दिल्लीचा बाज (वाजवण्याची ढब) दोन बोटांचा, मधल्या बोटाने ति आणि तर्जनीने ट. माझा हात लय वाढली की गुपचूप अनामिकाही लावत होता, कधी लावत होता, कधी नाही. इतकी वर्षं हे कळलं नव्हतं. चित्र जिथे धूसर, तिथे हात कच्चा. मला या सगळ्या उद्योगातून मिळालेली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. 'तिट' पुन्हा ठाय (संथ) लयीत, अगदी पहिल्या वर्षासारखं सुरू केलं.

१२ जून

पाऊस सुरू झाला. हवेत ओल आली की पुडी सैल पडते, सूर उतरतो. रोज गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर चढवत होते. काल चढवताना हातोडीचा घाव चुकला आणि पुडीची किनार फाटली. पुडी बदलायला टाकली. बाराशे रुपये, आणि कारागिराकडे पावसाळ्यातली रांग, त्यामुळे आठवडा तरी तबला नाही. दुसऱ्या कुणाचा तबला आणून वाजवावा, तर माझा काळी एकचा आणि मिळत होता तो वेगळ्या स्वराचा. लेहऱ्याशी जुळेना.

२० जून

तबला आला. मधला आठवडा नुसता मनातला रियाज आणि पढंत. डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये कानात लेहरा लावून, उभ्या उभ्या. गर्दीत खोलीचा नकाशा टिकतो का तेही बघून झालं. टिकतो. शेजारचं भांडण ऐकू येत असताना टिकला, म्हणजे सभागृहातही टिकेल असं धरते. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायचा प्रयत्न ऑफिसात केला तो बंद करायला लागला, लोक वैतागले.

आठवड्यानंतर बसले तर रचनांचा क्रम आणि जागा पहिल्यापेक्षा पक्क्या होत्या. पण डग्ग्याची घिस्सी (तळहात घासून येणारा नाद) गेली, धिं ला गोलाई नाही आणि रेल्यात पाचेक मिनिटांत मनगट भरून आलं. नादाचं काम मनात होत नाही, दमाचंही नाही. (नंतरची भर: ते भरून यायला जवळजवळ दहा दिवस लागले.)

३० जून

आज पहिल्यांदा खऱ्या पेटीबरोबर. नगमा (म्हणजे लेहराच) धरायला क्लासमधलाच दादा होता. डोळे मिटून, चारही जागा लख्ख, पेशकार मस्त चालला होता. कायद्याला दादाने लय थोडी वर घेतली. सगळेच घेतात, आणि सरांनी खूण केली होती. मला कळलंच नाही. मी माझ्या खोलीत. दोन आवर्तनं आम्ही दोघं वेगवेगळे होतो.

मोबाईलचा लेहरा कधीच लय वाढवत नाही, त्यामुळे हे आधी उघडं पडलं नव्हतं. डोळे मिटणं आजपासून बंद. समेची जागा दारातून काढून दादाच्या पेटीच्या भात्यावर ठेवली. तो कार्यक्रमातही समोरच बसणार आहे. आता समेकडे मन गेलं की नजर आपोआप पेटीवर जाते आणि लय बदलली तर दिसते.

रेल्याचा प्रश्न उरला होता. शेवटी लय २४० च्या आसपास जाते, म्हणजे आवर्तन चार सेकंदांचं आणि जागा दर सेकंदाला. तेवढ्यात चार ठिकाणी मन पोचत नाही. दोनच ठेवल्या, पेटी आणि पाठ. चक्रदारला तर एकच, पेटी. लय जितकी वर, चित्र तितकं कमी. हे आधी सुचलं असतं तर जूनचे बरेच रेले वाचले असते.

८ जुलै, सोमवार

रात्रभर धो धो पाऊस, रुळांवर पाणी, गाड्या बंद. ऑफिसला दांडी. सगळं स्वतंत्र वादन सलग, कार्यक्रमाला नेसायची साडी नेसून, त्याच आसनावर बसून. साडीचा पदर डग्ग्याच्या हाताखाली येतो हे आजच कळलं. पिन लावायची.

आणखी एक केलं. आतापर्यंत मी सगळं बरोबर चाललंय असंच बघत होते. आज मुद्दाम चूक बघितली. कायद्याच्या मध्यावर जागा हरवली, पुढे काय करायचं? आधी माझी सवय अशी की हात तसाच रेटायचा आणि सम येईल तेव्हा बघू म्हणायचं. सरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "रचना सोडा. ठेक्यावर या, पेटी ऐका, आणि काल सापडला की तिथून उचला. समेची घाई करू नका." मग हेच मनात पुन्हा पुन्हा बघितलं: हरवलं, बोल सोडले, हलका ठेका, कान पेटीवर, नगम्याचा उत्तरार्ध ओळखू आला, पाठीमागची भिंत, पुढचा पलटा समेपासून. हरवण्याची धास्ती यानेच कमी झाली. धास्ती हेच मन सुटण्याचं एक कारण होतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

१४ जुलै

सभागृह बघून आले. माझी आसनाची जागा, पेटी कुठे, मागे काय. मागे भिंत नाही, काळा पडदा आहे. घरी बसून मनातली भिंत बदलून पडदा केला. क्षुल्लक वाटेल, पण जुनी भिंत तशीच ठेवून तिथे बसले तेव्हा काल डळमळत होता.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

वाजवलं. माईकचा स्टँड नेमका माझ्या आणि पेटीच्या भात्याच्या मध्ये आला. सरकवायला सांगितलं, तेवढ्यापुरती एक मिनिट कुजबुज झाली, पण सांगितलं ते बरं केलं.

पेशकार ठीक. कायद्याच्या तिसऱ्या पलट्यात एक लहान मूल व्यासपीठाजवळ आलं, मी त्याच्याकडे बघितलं आणि जागा गेली. ठेक्यावर आले, काल सापडला, पुढचा पलटा उचलला. मध्ये एक आवर्तन ठेका गेला. बहुतेकांना तो मुद्दाम वाटला असावा. सरांना नाही वाटला. नंतर पाया पडले तेव्हा म्हणाले, "हरवलात ते ठीक. परत यायला वेळ लागला नाही, ते बघितलं मी." रेल्यात मनगट थोडं बांधलं गेलं. चक्रदार समेवर आला.

२८ जुलै

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकून खुणा केल्या. पलट्यातली ती एक मोठी, पेशकारात दोन बारीक. मेमध्ये पानभर असायच्या.

आता झपताल घेतला आहे, धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. खोलीच्या चार भिंती इथे लागू पडत नाहीत. विभाग दोन-तीन-दोन-तीनचे, आणि समान अंतराच्या जागा धरल्या की तीनचे विभाग आखडतात. सध्या पहिली, तिसरी, सहावी, आठवी या मात्रा जमिनीवर कमी-जास्त अंतराने मांडून बघते आहे, तीनच्या विभागाला पाऊल लांब. ६० च्या लयीत ठेक्यापुरतं चालतंय. कायदा अजून लावलेला नाही. रूपकाला तर हातच लावला नाही. त्यात समेवरच काल असतो, म्हणजे पेटी आणि पाठ एकाच जागी ठेवायची. ती कशी, ते सरांना विचारायचं आहे.

एकूण खर्च: पुडीचे बाराशे. कार्यक्रमाची वर्गणी धरलेली नाही.